पाळी जाण्याच्या वयात बिडी आणि मशेरी : या चुका टाळा

मालवणच्या बाजूला आरोग्य शिबिरात बसलं की चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना मी एक प्रश्न विचारायचे, "तंबाखू खाता का?" बहुतेक जणी जोरात मान हलवून नाही म्हणायच्या. पुढे मी प्रश्न बदलला, "मशेरी लावता?" तर लगेच उत्तर, "ती लावतंय. ती काय तंबाखू नाय."

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मशेरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. भाजल्यामुळे तिच्यातलं निकोटीन उडून जात नाही. बोटाने हिरडीवर घासली की तिथल्या पातळ कातडीतून ते सरळ रक्तात उतरतं. आणि भाजताना जो खाट उठतो, त्याने चुलीपाशी बसलेली पोरंसुद्धा खोकत बाहेर पळतात. डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारलं की मशेरी, बिडी, पानातली तंबाखू, सगळं सांगा. लपवलंत तर औषध चुकीचं मिळेल.

तंबाखूचा पाळी जाण्यावर काय परिणाम होतो, याची बहुतेक माहिती विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायकांच्या अभ्यासातून आलेली आहे. मशेरीत धूर छातीत जात नाही, एवढाच फरक. हिरड्या सुटणं, तोंडाचा कर्करोग, हृदयावरचा ताण यांतून ती सुटका देत नाही.

"लवकर गेली, बरं झालं, सुटले"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की काळजात धस्स होतं. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. धूम्रपान करणाऱ्या बाईची सरासरी एक-दोन वर्षं आधी जाते. धुरातली विषारी द्रव्यं अंडाशयातली बीजं लवकर संपवतात आणि अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोनही कमी करतात. हे इस्ट्रोजेन फक्त पाळीपुरतं नसतं. हाडं घट्ट ठेवणं, रक्तवाहिन्या सांभाळणं, हीसुद्धा त्याचीच कामं. ते दोन वर्षं आधी आटलं, तर हाडं झिजायलाही दोन वर्षं आधी सुरुवात होते. वर तंबाखू चालूच असेल तर झीज आणखी वेगाने. मग पावसात शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. घरचे म्हणतात, वय झालं.

पाळी ४० च्या आधी थांबली तर सुटले म्हणून गप्प बसू नका, तपासून घ्या. आणि बारा महिने सलग पाळी आली नाही तरच ती गेली असं धरायचं. चार महिने चुकली म्हणून गेली असं नाही.

अंगातली आग आणि पहाटेची बिडी

एक काकी सांगायच्या, "राती अंगाची नुसती आग होता, मगे पडवीत जाऊन एक बिडी ओढतंय, तेवाच बरा वाटता." त्यांना बरं वाटायचं हे खरं. पण ते बरं वाटणं म्हणजे काही तास न मिळालेल्या निकोटीनची तलफ शमणं. त्याच निकोटीनने छातीची धडधड वाढते, झोप उडते, आणि धूम्रपान करणाऱ्या बायकांना या गरम वाफा जास्त वेळा आणि जास्त जोराने येतात. म्हणजे आगीवर उपाय म्हणून आगीतच काटक्या टाकायच्या.

उठून बसाच, पण बिडीऐवजी मानेला ओला पंचा लावा, खिडकी उघडा, दहा मिनिटं सावकाश श्वास घ्या. वाफ ओसरते. तलफेचा जोरही तेवढ्यातच ओसरतो.

घरातल्या बिडीचंही बोलायला हवं. नवरा माजघरात बसून ओढत असेल तर तो धूर तुमच्याही छातीत जातो. चुलीचा धूर आहेच. त्याला अंगणात पाठवा, त्यात संकोच कसला?

औषधांच्या दुकानातून परस्पर गोळी

पाळी पुढे-मागे झाली की शेजारणीने घेतलेली हार्मोनची गोळी आणून खाणं, हे मी पाहिलंय. पस्तिशीनंतर बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बाईने गर्भनिरोधाच्या नेहमीच्या इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या घेतल्या, तर रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका बराच वाढतो. गोळी डॉक्टरांना विचारूनच.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडा जरी डाग लागला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. उष्णता झाली असेल म्हणून सोडू नका. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होण्यात तंबाखूच्या धुराचाही हात असतो. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, आशाताईंना विचारा.

कॅल्शियमची गोळी घेऊन बिडी चालू ठेवणं म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं. नाचणीची भाकरी, सुकट, जवळा जरूर खा, पण आधी भोक बुजवा.

सोडताना होणाऱ्या चुका

"मशेरी लावल्याबगर पोट साफ होना नाय," हे अगदी खोटं नाही, निकोटीनने आतडं हलतं. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहील. उठल्यावर गरम पाणी, जेवणात तांबडी भाजी, केळं, थोडं चालणं, एवढ्याने बहुधा भागतं.

पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड, झोप नाही, मन लागत नाही. हीच लक्षणं पाळी जाताना होतात, म्हणून बाईला वाटतं, सोडल्यामुळे आजार वाढला. तसं नाही. सोडण्याचा त्रास दोन ते चार आठवड्यांत उतरतो. तेवढा वेळ घरच्यांना सांगून ठेवा, आणि चतुर्थीच्या किंवा लावणीच्या धावपळीत सोडायला बसू नका.

मशेरी सोडून सुपारी धरू नका, सुपारीनेही तोंड उघडेनासं होतं आणि कर्करोग होतो. एकटीने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा, पैसे लागत नाहीत. निकोटीनचं च्युइंगगम डॉक्टरांना विचारून घेता येतं, फक्त ते चॉकलेटसारखं भराभर चघळू नका. चव लागली की गालात दाबून ठेवा.

त्याच काकींच्या शेजारणीने मशेरी सोडली तेव्हा डबी टाकवेना, हात सारखा कमरेकडे जायचा. तिने डबी धुऊन तीत लवंगा भरल्या. एकोणिसाव्या दिवशी लग्नघरात कुणीतरी पुढे केली आणि बोट गेलं. दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन आली, "सगळा फुकट गेला." मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि आजपासून पहिला दिवस मोजू दिला नाही. विसावाच मोजायला लावला.