ऋ धरा आणि चालायला लागा: ध्वनिशास्त्राकडं वळणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातून भाषाविज्ञानाकडं जाऊ बघणारी पोरं विचारतात, सुरुवात कशानं करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. जाडजूड पुस्तक नंतर उघडा, आधी एक ध्वनी धरा. मी ऋ धरला होता. आपल्या भागात तो सोयीचाही आहे. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. गावाच्या नावात ऋ, नदीच्या नावातही ऋ. पण कान देऊन ऐकलं तर तो दोन्हीकडं नाही. पाटीवर नृसिंहवाडी असलं तरी बोलताना नरसोबाची वाडी, एसटी स्टँडवर तर नुसतीच वाडी. नदीला आपण म्हणतो क्रुष्णा. तीच पुढं कर्नाटकात आणि मग तेलंगण-आंध्रात जाते, तिथंही कन्नड आणि तेलुगू तोंडी रु-च आहे. गुजराती, ओडियाही आपल्याच बाजूच्या. हिंदी आणि बंगालीत रि. भांडण रु की रि असं चालतं, पण मूळचा संस्कृतातला ऋ रोजच्या बोलण्यात या सगळ्यांनीच सोडलाय.

तो खरा स्वर होता याचा पुरावा शाळेतच शिकवलेला असतो, आपलं लक्ष नसतं. ‘विक्रम’चे लघु-गुरू पाडा: पुढं जोडाक्षर, म्हणून वि गुरू. आता ‘अमृत’ घ्या. आपण म्हणतो ‘अम्रुत’, त्या हिशेबानं अ गुरू व्हायला हवा. पण वृत्तात तो लघुच मोजतात, कारण मृ हे जोडाक्षर नाही. म् आणि त्याचा स्वर एवढंच. संधीतही तसंच. पितृ अधिक आज्ञा म्हणजे पित्राज्ञा. इ-उ चे य-व होतात तसा ऋ चा र झाला. व्याकरण त्याला स्वरासारखं वागवतं आणि जीभ व्यंजनासारखं. ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ऋक्प्रातिशाख्य या जुन्या ग्रंथात तर ऋ च्या पोटात र असतो असं म्हटलं आहे. ऌ ची गोष्ट याहून गमतीची, एका कॢप् धातूच्या जिवावर तो वर्णमालेत बसलाय.

एवढं कळलं की बाहेर बघा. चेक भाषेत लांडगा म्हणजे व्ल्क, मान म्हणजे क्र्क, बोट म्हणजे प्र्स्त. शब्दात एकही नेहमीचा स्वर नाही, सगळं ओझं र-ल वर. स्लोव्हाकमध्ये त्यांची दीर्घ रूपंही आहेत, थेट आपल्या ॠ आणि ॡ ची आठवण यावी अशी. व्ल्क आणि संस्कृत वृक हे शब्द खरोखरच एका मुळाचे आहेत. पण म्हणून चेक लोकांनी जुना ऋ जपून ठेवला असं लिहून मोकळे होऊ नका. स्लाव्हिकमध्ये मध्ये एक ऱ्हस्व स्वर आला होता, तो पुढं गळाला आणि ल पुन्हा एकटा पडला. नवशिक्याला असलं साम्य दिसलं की तो हरखतो. खरी मजा पुढं तपासण्यात आहे.

अमेरिकन ‘बर्ड’मधला स्वर आणखी वेगळा. तिथं स्वर आणि र असे दोन तुकडे पाडताच येत नाहीत, स्वरच र-रंगाचा. कुणी जिभेचं टोक वर वळवतं, कुणी जीभ मागं गोळा करतं, ऐकायला सारखंच. जगातल्या एक टक्क्याहूनही कमी भाषांत असे स्वर आढळतात. पण त्यांत अमेरिकन इंग्रजी आणि मँडरिन असल्यामुळं बोलणारे कोट्यवधी. आपल्याकडं निलगिरीत कन्नडच्या जवळची बडगा भाषा आहे. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९३९ साली तिच्यातल्या अशा मूर्धन्य, म्हणजे जीभ वर वळवून काढलेल्या, स्वरांची नोंद केली.

ऐकून संशय आला की मोजायचं. प्रात हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी केलेलं. त्यात तिसरा फॉर्मंट बघा (तोंडाच्या पोकळीत आवाज ज्या वारंवारतांना जास्त घुमतो ते फॉर्मंट, त्यांतला खालून तिसरा). पीटरसन आणि बार्नी या संशोधकांच्या १९५२ च्या मोजणीत अमेरिकन पुरुषांच्या ‘बर्ड’मधल्या स्वराचा तिसरा फॉर्मंट सरासरी १६९० हर्ट्झ निघाला, बाकी सगळ्या स्वरांचा २२०० च्या वर. मग स्वतःच्या तोंडचे ‘ऋतू’ आणि ‘रुतू’ शेजारी ठेवून बघा, फरक सापडतो का.

ध्वनिमुद्रण वेव्ह फाईलमध्येच करा, व्हॉट्सॲपवर आलेला आवाज दाबलेला असतो, तो मोजायला घेऊ नका. महाद्वार रोडच्या गर्दीत तर माईक काढूच नका. आणि माणसाला ‘कृष्णा म्हणा’ असं कधीही सांगू नका. समोर कागद आला की लोक शाळेतल्या बाईंसमोर उभं राहिल्यासारखे बोलतात. वाडीला कसं जायचं ते विचारा, पुराचं विचारा. पुराचं विचारलंत तर नदीचं नाव किती वेळा येतं ते मोजत बसावं लागेल.

घरबसल्या करायचं दुसरं काम म्हणजे शब्दांच्या जोड्या. मृत्तिकेची मराठीत माती, हिंदीत मिट्टी. पृष्ठाची आपली पाठ, त्यांची पीठ. तृणाचं आपल्याकडं तण, तिकडं तिनका. ऋ गेला तेव्हा मराठीनं बरेचदा अ उचलला, हिंदीनं इ. पण लगेच नियम ठोकू नका. शृंगाचं शिंग आणि वृश्चिकाचा विंचू मराठीतलेच आहेत. अपवादांची वही वेगळी ठेवा, प्रबंधाचा विषय बहुतेक तिथंच सापडतो.

पुढच्या शिक्षणासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज जवळचं. वाचा-उपचाराकडं कल असेल तर म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था बघा, पण तिथली वाट विज्ञान शाखेची, हे बारावीच्या आधीच घरी बोलून घ्या. मजकूर वाचून दाखवणारी यंत्रं बनवण्यातही ध्वनीची जाण असलेली माणसं लागतात: कृष्णा मराठीत क्रु आणि हिंदीत क्रि, हे यंत्राला कुणीतरी सांगावंच लागतं. त्या कामाला थोडं प्रोग्रॅमिंग हवं. पायथन शिकायला घ्या, आणि ते पदवीच्या वर्षांतच.