क्रूझवरून उतरून बंदर स्वतः फिरताना या चुका टाळा

उष्ण कटिबंधातल्या बंदरात जहाज लागल्यावर जहाजाने आखलेली सहल न घेता स्वतःच फिरायला निघणे स्वस्त पडते, गर्दी टळते आणि आवडलेल्या जागी हवा तेवढा वेळ रेंगाळता येते. म्हणूनच ज्याने एकदा असे फिरून पाहिले तो पुन्हा चाळीस जणांच्या बसमध्ये बसायला सहसा राजी होत नाही. मात्र या मोकळेपणाला एक अट आहे. जहाजाची सहल परतायला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबते, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. आपले आपण गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. माझ्या अनुभवात फजिती होण्याची खरी कारणे बेटावर क्वचितच असतात. ती जहाजातून पाऊल बाहेर टाकण्यापूर्वी, आदल्या रात्री केबिनमध्ये आलेला दिनक्रमाचा कागद वरवर वाचण्यात दडलेली असतात.

फोनवरच्या घड्याळावर विश्वास ठेवणे

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे. परतीची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते, आणि जहाज प्रत्येक बंदरात आपले घड्याळ स्थानिक वेळेशी जुळवतेच असे नाही. फोन मात्र किनाऱ्यावरचे नेटवर्क मिळताच न विचारता स्थानिक वेळ दाखवू लागतो. मेक्सिकोतले कोझुमेल बेट ज्या किंताना रू राज्यात येते, तिथे २०१५ पासून वर्षभर एकच प्रमाणवेळ चालते, उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली जात नाहीत. फ्लोरिडात मात्र ती केली जातात. परिणामी फ्लोरिडाहून निघालेल्या जहाजाने आपली वेळ तशीच ठेवली, तर उन्हाळ्यात कोझुमेलमधला फोन जहाजापेक्षा एक तास मागे असतो. एका जुलै महिन्यात मी तिथल्या किनाऱ्यावर निवांत बसलो होतो, फोनवर दोन वाजून पन्नास मिनिटे झाली होती आणि साडेचारपर्यंत जहाजावर पोहोचायचे असल्यामुळे आणखी एकदा पाण्यात उतरावे असा विचार चालला होता. शेजारच्या टेबलावरचे वयस्कर गृहस्थ घाईने चपला चढवत होते, म्हणून सहज त्यांच्या मनगटाकडे पाहिले, तर त्यांच्या साध्या काट्यांच्या घड्याळात चारला दहा कमी होती. माझ्या हिशेबातला तास आणि चाळीस मिनिटांचा वेळ प्रत्यक्षात फक्त चाळीस मिनिटांचा होता. तेव्हापासून मी साधे मनगटी घड्याळ वापरतो, उतरताना दारापाशी लावलेल्या जहाजाच्या घड्याळाशी ते पडताळून पाहतो आणि फोनमधली वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद ठेवतो.

दुसरी गफलत वेळेच्या वजाबाकीत होते. कागदावर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच असे लिहिलेले असले म्हणजे हातात नऊ तास आहेत, असे वाटते. पण जहाज धक्क्याला लागल्यावर बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि प्रवाशांनी परतण्याची वेळ सुटण्याच्या वेळेपूर्वी साधारण अर्धा तास, काही ठिकाणी एक तासही आधीची असते. त्यातून स्वतःसाठी दीड तासाची राखीव जागा ठेवली, तर खरा फिरण्याचा वेळ पावणेनऊ ते तीन, म्हणजे सव्वासहा तास उरतो. बेत या सव्वासहा तासांचा आखावा, आणि तोही शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे तीन वाजता बंदरापाशी असायचे तर कुठून किती वाजता निघावे लागेल, असा.

बंदराचे नाव म्हणजे शहर असे समजणे

जाहिरातीत बँकॉक लिहिलेले असते आणि मोठी जहाजे बहुधा लेम चाबांगला लागतात, जिथून बँकॉक गाठायला रस्त्याने एका बाजूचे सुमारे दोन तास मोडतात. क्वालालंपूरसाठी पोर्ट क्लांग आणि हो चि मिन्ह शहरासाठी फू माय, हे असेच शहरापासून लांबचे थांबे आहेत. त्यातही ही मालवाहू बंदरे असल्यामुळे कंटेनरांच्या आवारातून पायी बाहेर पडू देत नाहीत, शटल बसची वाट पाहावी लागते आणि तो वेळही आपल्याच खात्यातून वजा होतो. अशा ठिकाणी चार देवळे, एक बाजार आणि नदीतली फेरी असा बेत आखणारे प्रवासी दिवसाचा मोठा भाग गाडीच्या काचेतून बाहेर बघण्यात घालवतात. एकच जागा ठरवून जावे, किंवा बंदराजवळच्या गावातच दिवस काढावा. हे दुसरे अनेकांना कमीपणाचे वाटते, पण मला ते बहुतेक वेळा जास्त आनंदाचे ठरले आहे.

बेट लहान आहे म्हणून अंतर क्षुल्लक मानणे हीही त्याच जातीची चूक होय. सेंट मार्टिनच्या डच भागात विमाने डोक्यावरून जाताना पाहण्यासाठी माहो किनाऱ्यावर लोक झुंबड करतात. तिथून जहाजे लागतात तो फिलिप्सबर्गचा धक्का नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतो, परंतु वाटेतला सिम्पसन बे येथील उचलता पूल बोटींसाठी ठरावीक वेळी उघडला की वाहने खोळंबतात आणि दुपारच्या गर्दीत त्या छोट्या प्रवासाला तासभरही लागू शकतो. बेटाला बहुधा एकच मुख्य रस्ता असतो, आणि त्याच दिवशी आलेल्या बाकीच्या जहाजांचे हजारो प्रवासीही त्याच रस्त्याने त्याच वेळेला परतत असतात. त्या दिवशी बंदरात किती जहाजे आहेत हे आधी पाहून ठेवले, तर हा अंदाज येतो.

कोणत्या धक्क्यावर परतायचे हे न पाहणे

कोझुमेलला क्रूझ जहाजांचे तीन धक्के आहेत: पुंता लँगोस्ता हा गावातच आहे, तर आंतरराष्ट्रीय धक्का आणि पुएर्ता माया हे दोन्ही गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर आहेत. सेंट थॉमसला हॅवनसाइट आणि क्राउन बे असे दोन धक्के शार्लोट अमाली या तिथल्या मुख्य शहराच्या दोन टोकांना आहेत. टॅक्सीवाल्याला नुसते ‘क्रूझ शिप’ म्हणून सांगितले, तर तो आपल्याला दुसऱ्याच जहाजासमोर नेऊन उभे करू शकतो. उतरल्यावर मागे वळून धक्क्याच्या नावाच्या फलकाचा फोटो काढावा आणि जहाजाचे व धक्क्याचे नाव कागदावर लिहून खिशात ठेवावे, कारण बॅटरी संपल्यावर फोटोचा उपयोग नसतो.

ज्या बंदरात जहाज धक्क्याला लागतच नाही, तिथे गोष्ट आणखी नाजूक होते. ग्रँड केमनला जहाजे नांगर टाकून समुद्रात उभी राहतात आणि प्रवासी टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी किनाऱ्यावर जातात. बेलीझ सिटीपाशी पाणी इतके उथळ आहे की जहाज काही मैल दूर थांबते आणि बोटीला पंधरा-वीस मिनिटे किंवा अधिक लागतात. सकाळी पहिल्या बोटींमध्ये जहाजाच्या सहलीवाल्यांना प्राधान्य मिळते, त्यामुळे स्वतः जाणाऱ्याने स्थानिक नौकेवाल्याशी सकाळी साडेआठची वेळ ठरवणे म्हणजे आगाऊ रक्कम पाण्यात घालण्याची तयारीच होय. परतताना जहाज सुटण्याची नव्हे, तर शेवटच्या टेंडरची वेळ मोजायची असते. केमनला जॉर्ज टाउन या राजधानीसमोर समुद्र खवळलेला असेल, तर उतरण्याची जागा दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्स येथे हलवतात. तसे झाल्याची घोषणा न ऐकताच कोणी उतरला, तर त्याला घ्यायला आलेली गाडी एका किनाऱ्यावर आणि तो दुसऱ्या किनाऱ्यावर, असा प्रसंग येतो. अटलांटिकमधला वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि त्या काळात एखादे बंदर सरळ वगळले जाण्याचीही शक्यता असते. म्हणून बाहेरच्या आयोजकाकडे आरक्षण करताना ‘जहाज आले नाही तर पूर्ण पैसे परत’ हे लेखी घ्यावे.

‘डॉलर’ म्हणजे कोणता डॉलर, हे न विचारणे

टॅक्सीवाला चाळीस डॉलर म्हणतो, आपण मान डोलावतो आणि उतरताना वाद होतो. बार्बाडोसचे २ डॉलर म्हणजे १ अमेरिकी डॉलर; बेलीझमध्येही तेच प्रमाण आहे. सेंट लुसियासारख्या बेटांवर चालणारा पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे, तर बहामाजचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीचा आहे. म्हणजे तेच चाळीस डॉलर बार्बाडोसमध्ये वीस अमेरिकी डॉलर असू शकतात, सेंट लुसियामध्ये पंधराच्या आतले, आणि गैरसमजाने पूर्ण चाळीसही. केमनला उलटा फटका बसतो, कारण तिथला डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षा भारी आहे: मेनूवर २० लिहिलेले असले आणि आपण अमेरिकी नोटा दिल्या, तर दुकाने सर्वसाधारणपणे २५ घेतात. मेक्सिकोत पेसोलाही डॉलरचेच चिन्ह लावतात, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला घाबरवून सोडते.

गाडीत बसण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात: चलन कोणते, भाडे गाडीचे की माणशी, आणि जाण्याचे की जाऊन-येऊन. सेंट थॉमसला टॅक्सीचे दर अधिकृतपणेच माणशी ठरलेले असतात, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाने गाडीचे भाडे समजून होकार दिला आणि उतरताना चौघांचे पैसे मागितले गेले, तर त्यात चालकाची लबाडी नसते. परतीचे पैसे आधी देऊ नयेत.

ऊन, झाडे आणि पाणी

विषुववृत्ताजवळच्या उन्हाचा अंदाज समशीतोष्ण प्रदेशातून आलेल्या प्रवाशाला चकवतो, कारण समुद्रावरच्या वाऱ्यामुळे त्वचा भाजत असल्याचे जाणवत नाही आणि ढगाळ दिवशीही अतिनील किरणे बऱ्याच प्रमाणात खाली पोहोचतात. पाण्यावर पालथे तरंगत प्रवाळ पाहणाऱ्यांची पाठ आणि पोटऱ्या हमखास भाजतात. त्यावर लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा हा सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा उपाय आहे. सनस्क्रीन नेताना त्यातले घटक पाहावेत: प्रवाळाला अपायकारक मानलेल्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट यांनी युक्त सनस्क्रीनची विक्री हवाईत २०२१ पासून बंद आहे, आणि पलाऊमध्ये व थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांतही अशा सनस्क्रीनवर बंदी आहे.

कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचे झाड आढळते. त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात आणि ती विषारी असतात. चिकाने त्वचेवर फोड येतात, आणि पावसात त्या झाडाखाली उभे राहिले तर पानांवरून ओघळणारे पाणीही त्वचा पोळते. अनेक ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवून किंवा फलक लावून इशारा दिलेला असतो. सावली दिसली की तिथे चादर पसरण्यापूर्वी खोडाकडे एक नजर टाकायला काय जाते? कोझुमेलच्या पूर्व किनाऱ्यावर गर्दी नसते ती उगाच नव्हे. तिथल्या लाटा आणि ओढ जोरदार आहेत, तेव्हा तिथे पाहावे, खावे, पण पोहायला पश्चिमेकडे यावे.

कपड्यांचा एक अनपेक्षित नियमही आहे. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया अशा देशांत लष्करी छापाचे कपडे सामान्य नागरिकाने घालणे बेकायदा आहे, मग तो लहान मुलाचा सदरा का असेना. गाडी भाड्याने घ्यायची असेल, तर या तिन्ही देशांत वाहने डावीकडून चालतात हे लक्षात ठेवावे आणि बार्बाडोसला पाहुण्यांसाठीचा वेगळा परवाना काढावा. स्कूटर मी टाळतो: दुचाकीचा परवाना नसताना झालेला अपघात बहुतेक प्रवासविमे नाकारतात.

जहाज खरोखरच चुकले तर

गाडी बिघडली किंवा रस्ता अडला, असे दिसताच पहिला फोन पोर्ट एजंटला करावा. हा कंपनीचा त्या बंदरातला प्रतिनिधी असतो आणि त्याचा क्रमांक दिनक्रमाच्या कागदावर छापलेला असतो, म्हणून तो कागद जहाजावर विसरणे ही या यादीतली सर्वांत सोपी पण सर्वांत नडणारी चूक आहे. आपण वाटेत आहोत हे कळले, तरी जहाज थांबेलच असे नाही, पण प्रयत्न करण्याजोगा असतो. सुटण्याच्या वेळी प्रवासी परतला नसेल, तर कर्मचारी अनेकदा त्याच्या केबिनमधली तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि एजंटच्या हवाली करतात. त्यासाठी पासपोर्ट भलत्या कप्प्यात लपवलेला नसावा, आणि त्याची छायाप्रत सोबत असावी. पुढच्या बंदराचे विमान आपल्या खर्चाने, आणि त्या देशाचा व्हिसा लागतो का हे विचारूनच घ्यावे, कारण जहाजातून उतरणाऱ्याला मिळणारी सवलत विमानाने येणाऱ्याला मिळेलच असे नसते. बाकीचे सामान मात्र जहाजाबरोबर पुढे निघून जाते, म्हणून एक बँक कार्ड आणि रोजच्या गोळ्यांचा दोन दिवसांचा साठा नेहमी अंगावरच्या पिशवीत ठेवावा.