व्हॉल्व्हचा कन्सोल रेडिओ: आधी कंडेन्सर, मग वीज

वर्षानुवर्षं बंद पडलेला रेडिओ थेट प्लगला लावून बघू नका. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या, बहुतेक वेळा शाबूत असतात. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या ओलीनं खराब होतात ते कागदी कंडेन्सर, आणि वीज सपाट करणारे मोठे फिल्टर कंडेन्सर नुसत्या वयानं कोरडे पडतात. एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्याला देणारा कपलिंगचा कंडेन्सर गळका असेल तर आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या) ग्रिडवर, म्हणजे त्याच्या नियंत्रण जाळीवर, पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

मागचं झाकण काढून व्हॉल्व्हचे नंबर वाचा. पुसू मात्र नका, छाप लगेच जाते. ईसीएच 81, ईबीएफ 89, ईएल 84, ईझेड 80 असा संच असेल तर बहुधा मेन्स (घरच्या विजेचा) ट्रान्सफॉर्मर आहे आणि हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा, 6.3 व्होल्टचे आहेत. यूसीएच 81, यूबीएफ 89, यूसीएल 82, यूवाय 85 असेल तर हीटर सिरीजमध्ये असतात आणि चासी (सेटचा धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असू शकते. अशा सेटमध्ये नॉबच्या खाचेतल्या स्क्रूलाही शॉक बसतो, बटण बंद असतानासुद्धा. तिथे सेट मेन्सपासून अलग करणाऱ्या 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय काम करूच नका. कुठलाही सेट असो, प्लग काढल्यावर 10 किलोओहम 5 वॅटचा रेझिस्टर फिल्टर कंडेन्सरवर काही सेकंद धरा आणि मीटरनं शून्य झाल्याची खात्री करा. तिथे 250 ते 300 व्होल्ट साठलेले असतात.

मग वीज न देता वाइंडिंग मोजा. मेन्स प्रायमरी साधारण काही दहा ओहम, एचटी (उच्च व्होल्टेजच्या) सेकंडरीचे दोन्ही भाग काहीशे ओहम आणि जवळपास सारखे, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरीही काहीशे ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वाइंडिंगवाले पुष्कळ आहेत. त्यांतला बारीक तारेचं काम करणारा गाठा आणि ट्रान्सफॉर्मरचा जुना लोखंडी गाभा जपून ठेवा.

2019 किंवा 2021 च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाण्यात राहिलेला सेट असेल तर गोष्ट वेगळी. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्यानं धुतला गेला नसेल तर आता तो कोरड्या ब्रशनं काढावा लागतो. ट्रान्सफॉर्मर 60–70 अंशांच्या उबेत बरेच तास सुकवा आणि 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरनं) वाइंडिंग ते गाभा असं मोजा. काही मेगोहमपेक्षा कमी आलं तर वीज देऊ नका. स्पीकरच्या कॉइलच्या फटीत गाळ गेला असेल तर कागद हलकेच दाबल्यावर खरखर लागते. तो स्पीकर रीकोन करायला, म्हणजे नवा कागदी कोन बसवायला, द्यावा लागतो.

कंडेन्सर एकेक करून बदला, दर वेळी आधी फोटो काढा. सुरुवात कपलिंगपासून, बहुधा 0.01 मायक्रोफॅरड. जागी 630 व्होल्टचा पॉलिएस्टर. फिल्टरच्या 50+50 च्या जागी 47 मायक्रोफॅरड 450 व्होल्टचे दोन. पहिला याहून मोठा घालू नका, एसीचं डीसी करणाऱ्या ईझेड 80 ची मर्यादाच 50 आहे. जुना डबा दिसायला राहू द्या, पण त्याच्या तारा सोडवा. नवा नुसता समांतर जोडला तर जुना गळतच राहतो. मेन्समधून चासीकडे जाणारा कंडेन्सर वाय-2 या सुरक्षा वर्गाचाच हवा. साधा शॉर्ट झाला तर अख्खी चासी जिवंत होते. मायकाचे कंडेन्सर सोडून द्या. रेझिस्टर 20 टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर बदला.

पहिली वीज 60 वॅटचा तंतूचा बल्ब सिरीजमध्ये घालून द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक; लख्ख राहिला तर शॉर्ट आहे. नंतर व्होल्टेज सिलेक्टर सर्वांत वरच्या, 240 किंवा 250 च्या खुणेवर ठेवून थेट चालवा. आउटपुट व्हॉल्व्ह ईएल 84 च्या 3 नंबर पिनवर (कॅथोड), तिथे 135 ओहमचा रेझिस्टर असेल तर, 7 व्होल्टच्या आसपास यायला हवेत आणि 2 नंबरवर (ग्रिड) शून्य. ग्रिडवर पॉझिटिव्ह दिसलं तर ईएल 84 काढून पुन्हा क्षणभर मोजा. तरी राहिलं तर कंडेन्सर, गेलं तर व्हॉल्व्ह दोषी.

जाड भुणभुण फिल्टरची, बँड बदलताना कडकड स्विचच्या गंजाची. आयएफ कॅनमधले, म्हणजे ट्यूनिंगच्या धातूच्या डब्यांतले, स्क्रू मात्र सिग्नल जनरेटरशिवाय फिरवू नका. नीट चालणारे सेट त्यामुळेच बिघडतात. सांगली आकाशवाणी 1251 किलोहर्ट्झ म्हणजे डायलवर सुमारे 240 मीटर. काटा तिथे नसेल तर आधी डायलची दोरी सरकली आहे का बघा.

डायल काचेच्या मागच्या अक्षरांना ओला फडका लावू नका, ती निघून येतात. कपाटाचं चपडी पॉलिश दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात थर पांढुरका पडतो, आणि तो पुन्हा खरवडून काढावा लागतो.