कुंडीतला ठेंगणा एक्झोरा: सोलापूरच्या चुनखडी मातीत आणि जड पाण्यात

अझेलिया किंवा बुरांश या थंड हवेतल्या फुलझुडपांच्या ठेंगण्या जाती सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये जगवणं अवघडच. तसाच गच्च फुलोरा हवा असेल तर ठेंगणा एक्झोरा घ्या. दीड-दोन फुटांवर थांबतो, ऊन सोसतो. मात्र अझेलियासारखंच त्यालाही चुन्याचं वावडं आहे, आणि आपल्याकडे चुना मातीतही असतो, बोअरच्या पाण्यातही.

लागवड जून-जुलैत, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. कुंडी १२ इंची, मातीची किंवा प्लास्टिकची. सिमेंटची नको, तिचाही चुना उतरतो. लाल माती २ भाग, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत १ भाग आणि मूठभर निंबोळी पेंड. रानातली काळी माती अजिबात नको: ओली असताना पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. लाल मातीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चमचाभर कोरडी माती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, दुसरी आणा.

पिशवीतला मातीचा गोळा बाजूंनी बोटांनी मोकळा करून, खोड आधी होतं तेवढंच पुरा. सकाळचं चार-पाच तास ऊन पुरे. मार्च ते मे ५० टक्क्यांची हिरवी नेट बांधा, कुंडी तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा.

पाणी पावसाचं साठवलेलं सर्वांत चांगलं, एसीचंही चालतं. कूलरच्या टाकीत उरलेलं किंवा आरओने बाहेर टाकलेलं पाणी मात्र 'वाया कशाला' म्हणून ओतू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला की गोडं पाणी खालून वाहेपर्यंत सोडा.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. अनेकजण हिराकस (फेरस सल्फेट) टाकतात. चुन्याच्या मातीत त्यातलं लोह अडकून पडतं, झाडाला मिळत नाही. त्याऐवजी ईडीडीएचए प्रकारचं लोह चिलेट (चुन्याच्या मातीतही झाडाला घेता येईल असं लोह) पाकिटावरच्या प्रमाणात मातीत द्या. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. माती ओली असूनही झाड मलूल दिसलं तर मुळं कुजताहेत, पाणी थांबवा.

फुलं शेंड्यालाच येतात, त्यामुळे गोल आकारासाठी दर महिन्याला कात्री चालवली की कळ्याच कापल्या जातात. बहर ओसरला की गुच्छाखालची दोन पानं धरून छाटा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर पानांमागे मिलीबग (पिठ्या ढेकूण) शोधा: लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल, थोडा पातळ साबण, फवारणी संध्याकाळी.