दोन्ही बाजूंना एकच गाणं: मॅडोनाची पहिली १२ इंची सिंगल कशी शोधायची आणि कशी वाजवायची

मॅडोनाच्या एव्हरीबडी या गाण्याची रेकॉर्ड घरी आली त्या दिवशी आईने ती हातात घेऊन लेबल पुढून वाचलं, मागून वाचलं आणि म्हणाली, "अगं, इकडेही एव्हरीबडी आणि तिकडेही एव्हरीबडी, एका गाण्याचे दोनदा पैसे घेतले की तुझ्याकडून." फसवलं वगैरे कुणी नव्हतं, ती रेकॉर्ड तशीच आहे. पण हा प्रश्न मला नंतर इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा सगळंच नीट लिहून टाकावं, म्हणजे ही रेकॉर्ड काय आहे, कुठली घ्यायची, घेताना काय बघायचं आणि आपल्याकडच्या हवेत ती टिकवायची कशी.

मॅडोना म्हटलं की आपल्याकडे लोक थेट लाईक अ व्हर्जिनवर उडी मारतात, फार तर हॉलिडेपर्यंत मागे जातात. त्याच्याही आधी, ६ ऑक्टोबर १९८२ ला, सायर रेकॉर्ड्सने तिची पहिली सिंगल काढली होती, एव्हरीबडी. तोवर ती ब्रेकफास्ट क्लब आणि एमी अशा बँडमधून वाजवत-गात होती, ही तिची स्वतःच्या नावावरची पहिली, आणि गाणंही तिने एकटीने लिहिलेलं. गाण्याचा डेमो तिने मिशिगनपासूनचा जुना मित्र स्टीफन ब्रेबरोबर केला आणि ती टेप घेऊन न्यूयॉर्कच्या डान्सटेरिया क्लबात गेली, तिथला डीजे मार्क कॅमिन्स याने ती वाजवली, लोक नाचले, आणि मग त्यानेच तिला सायरपर्यंत पोचवलं. सायरचा प्रमुख सिमोर स्टाइन तेव्हा हृदयाच्या आजाराने हॉस्पिटलात पडलेला, त्याने टेप ऐकून तिला थेट हॉस्पिटलच्या खोलीतच बोलावून घेतलं. निर्माता म्हणून कॅमिन्सच, रेकॉर्डिंग ब्लँक टेप्स स्टुडिओत, आणि सिंथेसायझरवर फ्रेड झार.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. ठरलं असं होतं की एका बाजूला एव्हरीबडी आणि दुसऱ्या बाजूला एन्ट नो बिग डील नावाचं गाणं. ते दुसरं गाणं काही मनासारखं जमलं नाही, म्हणून कंपनीने दोन्ही बाजूंना एव्हरीबडीच टाकलं, पुढे गाण्याची लांब आवृत्ती, साधारण ६ मिनिटांची, आणि मागे डब आवृत्ती, म्हणजे गायिकेचा आवाज कमी आणि बेस-ताल पुढे आणलेली, जवळजवळ ९ मिनिटांची. (ते बाजूला पडलेलं गाणं पुढे १९८६ मध्ये पापा डोन्ट प्रीचच्या मागच्या बाजूला आलं, तेवढं समाधान.) गाणं अमेरिकेच्या डान्स चार्टवर ३ नंबरपर्यंत गेलं पण लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत, हॉट १०० मध्ये, शिरलंच नाही, तिच्या खाली १०७ वर घुटमळून परत गेलं. क्लबवाल्यांना माहीत, बाकी दुनियेला नाही.

तर घ्यायची कुठली. तीन प्रकार डोक्यात ठेवा. अमेरिकन १२ इंची, नंबर ०-२९८९९, हीच मी सांगेन. अमेरिकन ७ इंची पण आहे, पण त्यात गाणं ४ मिनिटांच्या आत कापलंय आणि मागे नुसतं इन्स्ट्रुमेंटल, ज्यांना सगळं जमवायचंय त्यांनीच घ्यावी. आणि ब्रिटिश १२ इंची, नंबर डब्ल्यू ९८९९ टी, तिच्यात रस्टी ईगनने, म्हणजे विसाज या बँडच्या ड्रमरने, केलेला रीमिक्स आहे, ऐकायला मजा येते पण डान्सटेरियातल्या पोरांनी ज्यावर पाय हलवले ते हे नाही. माझं मत विचाराल तर आधी अमेरिकन, पैसे उरले तर ब्रिटिश.

अमेरिकन १२ इंचीचं कव्हर लू बीच या कलाकाराने केलंय, न्यूयॉर्कच्या रस्त्याचं कोलाज, त्यात सगळं आहे फक्त मॅडोना नाही. चेहरा न दाखवल्यामुळे त्या वेळी रेडिओवर ऐकणाऱ्या पुष्कळ लोकांना वाटलं की ही कुणी कृष्णवर्णीय गायिका आहे. मला तर वाटतं चेहऱ्यावर एवढं राज्य केलेल्या बाईची पहिली रेकॉर्ड बिनचेहऱ्याची असणं हेच ती जवळ ठेवायचं अर्धं कारण. म्हणून कव्हरशिवाय, साध्या पांढऱ्या किंवा काळ्या पाकिटात मिळत असेल तर किंमत बरीच खाली यायला हवी, विक्रेता कितीही म्हणाला की "मॅडम प्लेट एकदम ए-वन आहे" तरी.

एक सापळा सांगून ठेवते. मॅडोना प्रसिद्ध झाल्यावर तिच्या आधीच्या दिवसांतलं मिळेल ते विकायला लोक बसलेच होते. ओटो फॉन वेर्नहेर नावाच्या माणसाच्या काही गाण्यांना तिने मागे आवाज दिला होता, तिचं नाव झाल्यावर ती गाणी तिच्या नावावर रेकॉर्ड म्हणून बाजारात आली. "एव्हरीबडीच्याही आधीची, दुर्मिळ" म्हणून कुणी कॉस्मिक क्लाइंब वगैरे दाखवलं तर ती ही वस्तू नाही, कुतूहल म्हणून घ्या, पहिली सिंगल म्हणून घेऊ नका.

शोधायचं कुठे? मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जुन्या रेकॉर्डी मिळतात हे खरं, पण तिथे ढीग हिंदी सिनेमाच्या एलपींचा, आणि इंग्लिशमध्ये बहुतेक भारतात छापलेले अल्बम. अमेरिकन डान्स सिंगल तिथे सापडणं म्हणजे लॉटरी, कुणाचा तरी काका बोटीवर नोकरीला होता आणि त्याचं कपाट विकायला निघालं तरच. मी सात-आठ रविवार घालवले, पदरात पडलं ते दोन बोनी एमचे अल्बम आणि उन्हाने लागलेलं डोकं. त्यामुळे डिस्कॉग्स, म्हणजे रेकॉर्डींची नोंद आणि खरेदी-विक्री जिथे होते ती वेबसाइट. तिथे वरचा नंबर टाकून शोधा, नुसतं नाव टाकलंत तर पन्नास देशांच्या आवृत्त्या समोर येतात आणि गोंधळ होतो.

डिस्कॉग्सवर ग्रेड वाचायला शिकणं हेच निम्मं काम. मिंट म्हणजे न वाजवलेली, नियर मिंट म्हणजे जवळजवळ तशी, व्हेरी गुड प्लस म्हणजे थोडे ओरखडे पण ऐकायला छान, व्हेरी गुड म्हणजे खरखर ऐकू येणार, आणि नुसतं गुड म्हणजे वाईट, शाळेच्या प्रगतिपुस्तकात "बरा" लिहायचे ना, तसं. ही रेकॉर्ड क्लबात वाजवायला छापलेली, डीजेंनी मागे-पुढे फिरवून फिरवून वापरलेली, त्यामुळे पुष्कळ प्रती थकलेल्या असतात, खास करून सुरुवातीचा भाग आणि मधलं भोक. मी व्हेरी गुड प्लसच्या खाली जाऊ नका म्हणेन. विक्रेत्याला निर्लज्जपणे फोटो मागा, दोन्ही लेबलं, तिरक्या उजेडात तबकडी, आणि शेवटच्या खाचेनंतर लेबलाच्या बाहेर जो गुळगुळीत पट्टा असतो ना, त्यावर कोरलेले आकडे. ते आकडे डिस्कॉग्सवर नोंदलेल्या आकड्यांशी जुळवा, तिथेच कळतं की प्रत कुठल्या छपाईची आहे. कव्हरचा कोपरा कापलेला किंवा कडेला करवतीची खाच असेल तर घाबरू नका, ती न खपलेली म्हणून स्वस्तात काढलेली प्रत, अस्सलच असते, फक्त किंमत कमी द्या. सोनेरी शिक्का मारलेला असेल तर ती प्रचारासाठी वाटलेली प्रत.

माझी पहिली ऑर्डर फसली ती माझ्याच आळसाने, फोटो मागितला नाही, आणि आली ती कव्हर बरोबर पण आत दुसरीच कुठली तरी १२ इंची. त्या माणसाने पैसे परत केले पण दोन महिने गेले. तेव्हापासून लेबलाचा फोटो बघितल्याशिवाय मी एक रुपया देत नाही.

पोस्टेज रेकॉर्डपेक्षा जास्त होऊ शकतं, वर कस्टम लागतं आणि कुरिअरवाले त्यावर आपला वेगळा चार्ज लावतात, हे आधीच धरून चाला. एकटी सिंगल मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून चार-पाच घ्या. विक्रेत्याला एक गोष्ट नक्की लिहा, की तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या पाकिटासकट कव्हरच्या मागे ठेवून पाठव, नाहीतर प्रवासात हलून हलून ती कव्हरची कड आतून फाडते. त्यापेक्षा सोपं म्हणजे न्यू जर्सीतल्या मावशीच्या पत्त्यावर मागवायची आणि कुणी येणार असेल तर त्याच्या हातातल्या बॅगेत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. मोठ्या बॅगेत लोणच्याच्या बरणीखाली नको.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर, तिकडून कुणी जुना टर्नटेबल आणत असेल तर आधी थांबवा. तिकडे वीज ११० व्होल्टची हे सगळ्यांना माहीत असतं आणि लोक ट्रान्सफॉर्मर घेतात, पण तिकडे ६० हर्ट्झ आहे आणि आपल्याकडे ५०, हे कुणी बघत नाही. जुन्या बेल्टवाल्या पुष्कळ मशीनची मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते, मग मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या जागी साधारण २८ ने फिरणार आणि मॅडोना एकदम भारदस्त पुरुषी आवाजात गाणार. त्या मशीनला ५० हर्ट्झची पुली मिळाली तर ठीक, नाहीतर इथेच घ्या.

वाजवायला लागण्याआधी लेबलावर स्पीड वाचा. १२ इंची सिंगल ३३ ची पण असते आणि ४५ ची पण, आकारावरून ठरवू नका. मग सुईचा भार, तुमच्या कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या तुकड्याच्या, कागदावर लिहिलेला असेल तेवढाच, बहुतेक वेळा दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास. ते सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर असतात ना, त्यांची सुई फार जड बसते, त्यांच्यावर ही रेकॉर्ड लावू नका, प्लीज. आणि फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा, नसेल तर आवाज बारीक आणि बिनबेसचा येतो, मग लोक रेकॉर्डला शिव्या देतात.

आल्या आल्या धुवायची, नवी दिसत असली तरी. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थेंबभर साधा लिक्विड सोप, मऊ मायक्रोफायबर, आणि खाचांच्या दिशेने गोल गोल, आडवं कधीच नाही, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून उभी वाळवायची. काही जण थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, विनाइलला ते चालतं, पण तोच बोळा घेऊन आजोबांच्या ७८ च्या जुन्या तबकड्या पुसायला जाऊ नका, त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने विरघळतात. नळाचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात.

हे सगळं करून ऐकायचं काय, तर १२ इंची का होती ते. डान्स रेकॉर्डची ही साइज अपघाताने आली. न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात टॉम मोल्टन नावाचा रीमिक्स करणारा एक गाणं कापून घ्यायला गेला तर ७ इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या, मग १० इंचीवर कापलं, पण गाणं एका कोपऱ्यात चिमटीएवढं दिसायला लागलं म्हणून खाचा लांब लांब पसरवल्या, आणि आवाज असा काही दणदणीत आला की मागे वळून बघायची गरज राहिली नाही, पुढे १० ची १२ इंची झाली. खाचांना जागा मिळाली की बेस मोठा कापता येतो, एवढंच गुपित. म्हणून एव्हरीबडी आधी फोनवर ऐका, मग ही प्रत लावा. सुरुवातीला ती जोरात श्वास घेते आणि सिंथ उघडतो, तो श्वास खोलीत कुणीतरी घेतल्यासारखा वाटतो.

मग उलटी करा. डब बाजूला लोक एकदा लावतात आणि विसरतात, मी मात्र तीच जास्त लावते. आवाज येतो आणि विरतो, बेस आणि ताल पुढे येतो, झारचे सिंथ सुटे सुटे ऐकू येतात, आणि कळतं की हे गाणं रेडिओसाठी नव्हतंच, रात्री दीड वाजता डीजेला पुढची रेकॉर्ड काढेपर्यंत ९ मिनिटं हवी होती त्यासाठी होतं. १९८३ च्या जुलैमध्ये तिचा पहिला अल्बम आला, त्यातली बरीच गाणी रेजी लुकसने केलेली, कॅमिन्सचं हे एकच, शेवटी टाकलेलं, आणि तिथे ते थोडं पाहुण्यासारखं बसलंय. आईसुद्धा आता म्हणते मागची लाव, त्यात कटकट कमी आहे.

ठेवताना उभी ठेवा, आडवी एकावर एक नाही, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं नको, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. कागदी पाकीट काढून आत प्लास्टिकचं पाकीट घाला, बाहेरून जाड पारदर्शक कव्हर, पण जून ते सप्टेंबर त्याचं तोंड पूर्ण बंद करू नका, आत दमट हवा अडकली की लू बीचच्या कोलाजवर पांढरी बुरशी धरते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, महिन्याने बदला. डांबरगोळ्या नको, वास कागदात बसतो. आणि घेऊन येताना गाडीत, मे महिन्यात, मागच्या सीटवर, "पाच मिनिटांत येते" म्हणून ठेवून जाऊ नका, बशीसारखी वळते.