महिनाअखेरीला ओढाताण होतेय? पैशाच्या या चुका टाळा

पगार झाला की आठ-दहा दिवस हात मोकळा आणि वीस तारखेनंतर ओढाताण, असं दर महिन्याला होत असेल तर लगेच पगाराला दोष देऊ नका. आधी बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि नवरा-बायको दोघांनी बसून एकेक ओळ वाचा. न वापरलेली सबस्क्रिप्शनं, लेट फी, बॅलन्स कमी पडला म्हणून कापलेला दंड, सगळं तिथेच दिसतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे क्रेडिट कार्डाच्या बिलातला फक्त ‘मिनिमम ड्यू’ (म्हणजे बिलाची किमान भरावी लागणारी छोटी रक्कम) भरणं. समजा बाकी १०० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि तुम्ही दर महिन्याला उरलेल्या रकमेच्या जेमतेम ५ टक्के भरताय. नवीन काही घेतलं नाही तरी वर्षभरात तुमच्या खिशातून ५५ जातात आणि बाकी अजून ७७ असते! ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. त्यात बाकी असताना केलेल्या खरेदीला बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

आधीच अडकला असाल तर कार्ड वापरणं थांबवा, बँकेशी बोलून बाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून घ्या, नाहीतर स्वस्त लोन काढून कार्ड एकदाचं शून्य करा. फक्त नंतर तेच कार्ड पुन्हा घासायला सुरुवात केली तर दोन-दोन कर्जं अंगावर येतील. आणि लोन घेताना दर फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की रिड्युसिंग (व्याज फक्त उरलेल्या रकमेवर) हे विचाराच, कारण १२ टक्के फ्लॅट म्हणजे एका वर्षाच्या हप्त्यांवर प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्या पुढे पडतं.

दुसरी चूक, अडीअडचणीचा पैसा बाजूला न ठेवताच गुंतवणुकीच्या मागे लागणं. घराचा तीन ते सहा महिन्यांचा खर्च (पगार नाही, खर्च) लगेच काढता येईल अशा ठिकाणी हवा, उत्पन्न अनियमित असेल तर अजून जास्त. तो शेअर्समध्ये टाकू नका, कारण मंदीत नोकरी जाते तेव्हाच बाजारही पडलेला असतो आणि नेमकं तोट्यात विकावं लागतं.

विमा घेताना जुनं आजारपण लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. कंपनीच्या मेडिक्लेमवरच विसंबून राहणंही धोक्याचं, नोकरी सुटली की तो सहसा संपतो.

मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहताना ‘नुसती सही तर करायचीय’ म्हणतात ना, ती नुसती सही नसते. त्याने हप्ते थकवले की वसुली तुमच्याकडे येते. तेवढी रक्कम स्वतः भरायची तयारी नसेल तर तोंडावर नाही म्हणा, संबंध थोडे ताणले गेले तरी चालतील.

गॅरंटीड मोठा नफा सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. चार्ल्स पाँझीने १९२० मध्ये बोस्टनला ४५ दिवसांत ५० टक्के नफा कबूल केला होता आणि नव्या लोकांचे पैसे जुन्यांना वाटत होता. आजही तेच चालतं, फक्त ॲप नवीन असतं. ‘आजच भरा, उद्या स्कीम बंद’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा.

आता ज्या चुकीची मला खरंच काळजी वाटते ती, म्हणजे सगळे व्यवहार घरातल्या एकालाच माहीत असणं. तो माणूस अचानक आजारी पडला किंवा गेला, तर बाकीच्यांना खाती कुठे, पॉलिसी कुठली, कर्ज कुणाचं, काहीच ठाऊक नसतं आणि त्या दुःखात कागद शोधत फिरावं लागतं. साधी वही करा. खाती, पॉलिसी नंबर, कर्जं, कुणाला उसने दिलेले पैसे, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठे ठेवलेत, सगळं लिहा. पासवर्ड आणि पिन मात्र त्यात नकोत. लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर नॉमिनी बदलायचा राहून जातो, तो या आठवड्यातच तपासा आणि वही कुठल्या कपाटात आहे ते घरातल्या अजून एकाला तरी सांगून ठेवा.