केस गळतायत? पॅकेजवर सही करायच्या आधी हे वाचा

मागच्या वर्षी गणपतीत मला डेंग्यू झाला, त्यातून उठले, आणि दिवाळीनंतर केस असे गळायला लागले की बाथरूमच्या जाळीवर रोज एक गोळा, वेणीच्या रबराला दोनाचे चार वेढे बसायला लागले. आई माझ्या उशीवरचे केस मी उठायच्या आत वेचून टाकायची. त्या घाबरलेल्या अवस्थेत मी 'फ्री हेअर टेस्ट'ची जाहिरात बघून एका क्लिनिकमध्ये गेले. तिथे जे झालं ते कुणाच्याही बाबतीत होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पेनासारखा कॅमेरा डोक्यावर फिरवला आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर माझी टाळू दाखवली. इतकी मोठी करून दाखवली की कुणाचीही टाळू भयानकच दिसेल, पण तेव्हा ते कळत नाही. पांढरा कोट घातलेली मुलगी म्हणाली 'मॅडम, मुळं बंद व्हायला लागलीत, आत्ता नाही केलं तर सहा महिन्यांत टाळू दिसेल', आणि लगेच 68 हजारांचं पॅकेज, आजच सही केली तर डिस्काउंट. ती डॉक्टर नव्हती, काउन्सेलर होती, हे मला नंतर कळलं. मी 5 हजार बुकिंग भरून आले.

दोन दिवसांनी मैत्रिणीने मला ओढतच स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. फी 600 रुपये. त्यांनी चिमटीत थोडे केस धरून हलकेच ओढले, भांग बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, 'दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप आला होता का?' क्लिनिकमध्ये पाऊण तासात हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता! डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, ऑपरेशन, क्रॅश डाएट, यातल्या कशानंतरही दोन-तीन महिन्यांनी खूप केस एकदम गळतात आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात, त्याला साधारण सहा महिने लागतात. म्हणूनच या काळात जे तेल लावाल, जो शाम्पू वापराल, त्याला श्रेय मिळतं आणि 'मला याने फरक पडला' असे रिव्ह्यू तयार होतात. लिहिणारे खोटं बोलत नसतात, केस तसेही येणारच होते.

तर पहिली गोष्ट म्हणजे कारण कळेपर्यंत एक रुपया भरायचा नाही. रोज 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे. त्याहून जास्त वाटत असेल तर आरशासमोर नीट बघा की कसे गळतायत. सगळीकडून सारखे गळत असतील तर मागच्या चार महिन्यांतली आजारपणं आठवा. पुरुषांमध्ये कपाळाच्या कडा मागे जाणं किंवा माथ्यावर विरळ होणं, बायकांमध्ये भांग रुंद होणं हे बऱ्याचदा आनुवंशिक असतं. नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडला तर ती चाई. खवले, खाज, पू, विशेषतः लहान मुलांच्या डोक्यात, म्हणजे बुरशीचा संसर्ग असू शकतो. आणि टाळू दुखतेय, जळजळतेय, त्वचा चकचकीत दिसतेय असं असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, काही आजारांत मुळंच कायमची जातात आणि मग तिथे केस येत नाहीत.

डॉक्टर म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले त्वचारोगतज्ज्ञ. नुसतं 'ट्रायकॉलॉजिस्ट' किंवा 'हेअर एक्स्पर्ट' लिहिलेलं असेल तर मूळ डिग्री कोणती ते विचारा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव टाकून रजिस्ट्रेशन बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ते सांगतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि बी-12 करा. माझं फेरिटिन खूप कमी निघालं. बायोटिनच्या (केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिटॅमिनच्या) गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातलं आठवतंय ना? डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये काही गावांत लोकांचे काही दिवसांतच टक्कल पडेपर्यंत केस गळले, आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची) टीम आली, आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. असं काही असेल तर कुठलं तेल पुरणार होतं सांगा.

आनुवंशिक टकलावर सगळ्यात जास्त पुरावा असलेली औषधं दोनच, मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड. पहिलं मुळात बीपीचं औषध, अमेरिकेत केसांसाठी 1988 ला मंजूर झालं, दुसऱ्याची 1 मिलिग्रॅमची गोळी 1997 ला. दोन्हींचा परिणाम दिसायला चार-सहा महिने जातात, मिनॉक्सिडिलने सुरुवातीचे काही आठवडे उलट जास्त गळतं, आणि बंद केलं की मिळालेलं हळूहळू जातं. फिनास्टेराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी येतात, आणि गरोदर बाईने तर तुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही. हे सगळं आधी न सांगता जो औषध देतो त्याच्याकडून घेऊ नका. मित्राच्या प्रिस्क्रिप्शनवर तर नकोच.

'टक्कल मुळापासून बरं' असं छापलेलं दिसलं की तिथेच थांबा. औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये ज्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि त्यात टक्कल आहे. मार्च 2025 मध्ये पंजाबात संगरूरला टकलावर तेल लावायचं फुकट शिबिर झालं आणि साठहून जास्त लोक डोळे सुजून, आग होऊन हॉस्पिटलात गेले. फुकट होतं तरी!

बिफोर-आफ्टर फोटो बघताना उजेड, भांगाची बाजू आणि केस ओले की कोरडे एवढं बघा, बऱ्याचदा फरक तिथेच असतो. पीआरपीचा (आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचतात त्याचा) काहींना फायदा होतो, काहींना काहीच नाही, त्यामुळे आठ सेशनचे पैसे आगाऊ देऊ नका, एकेक करून द्या.

हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मी जरा जोरातच सांगते कारण ती सर्जरी आहे. 2019 मध्ये मुंबईत 43 वर्षांच्या एका व्यावसायिकाचा एकाच बैठकीत हजारो ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे छोटे पुंजके) लावून घेतल्यानंतर मृत्यू झाला. नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय की हे काम प्रशिक्षित डॉक्टरांनीच करायचं, व्हिडिओ बघून शिकून नाही. म्हणून तोंडावर विचारा: चिरा कोण देणार, तुम्ही की टेक्निशियन? डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असणार का? ॲलर्जी आली, बीपी पडलं तर इथे काय सोय आहे? लावायचे केस डोक्याच्या मागून काढतात, ते मागचे केस संपले की संपले, परत उगवत नाहीत, त्यामुळे बाविशीतल्या मुलाला 'आजच करून घे' म्हणणाऱ्यापासून मुलाला लांब ठेवा. आणि लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, खरा रिझल्ट कळायला वर्ष लागतं, हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं.

ईएमआयचंही बघा. 'नो कॉस्ट' म्हटलं तरी ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं, क्लिनिकला कुलूप लागलं तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जाणार. त्यांच्या टॅबवर ओटीपी सांगायचा नाही, कागद घरी आणून वाचायचा.

दावा खोटा वाटला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. मी केली होती. पण माझ्या पावतीवर नुसतं 'कन्सल्टेशन' लिहिलं होतं, पॅकेजचं बुकिंग कुठेच नाही, त्यामुळे ते 5 हजार काही परत आले नाहीत. म्हणून पैसे देताना काय, किती सेशन, कुठलं औषध, परताव्याची अट, सगळं बिलावर लिहून घ्या, आणि त्यांनी व्हॉट्सॲपवर दिलेली आश्वासनं डिलीट करू नका.